वाफ्यावरचं पाऊल

"म्हणजे... तुम्हीच तुळशीराम मल्लाव? ट्राउटवाले?"

म्हातारा पायमोजा रफू करत होता. त्याने मान वर केली नाही.

"ट्राउट नदीची. माझा फक्त हा मोजा. त्यालाबी भोक पडलंय."

हेमांगी दाभाडे दारातच उभी राहिली. तिला वाटलं होतं, देवदारांच्या सावलीत एखादी कुटी असेल, भिंतीवर ओळीने गळाच्या काठ्या टांगलेल्या असतील, नदीकाठी चार शिष्य मौन धरून बसलेले असतील. इथे पत्र्याची एक खोली होती. उंबऱ्याशी लसणाची टरफलं, कोपऱ्यात बांबूची एकच काठी, आणि तोंडात दोरा धरून बसलेला हा माणूस.

तुळशीराम मूळचा कृष्णाकाठचा, जातीने भोई. तरुणपणी एका फौजी साहेबाचा आचारी म्हणून हिमाचलच्या या खोऱ्यात आला. साहेब गेला, हा राहिला. ट्राउट माशांची अंडी उबवण्याचं एक केंद्र होतं, तिथे चाळीस वर्षं राखणदारी केली. खोऱ्यात लहानथोर त्याला आबा म्हणत. नदीबद्दल आबा जे म्हणेल ते गाव मानत असे.

आबाचंच नाव ऐकून हेमांगी आली होती, आणि तेही परदेशात ऐकून. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं ती सॅमन माशांच्या नद्यांचा अभ्यास करत होती. तिथली चांगली नोकरी नाकारून, आपल्या देशातली एक तरी नदी वाचवायची असा पण करून ती परतली होती. हे सारं तिने दारातूनच सांगून टाकलं.

"चार वर्षं शिकलीस," आबा म्हणाला. "मग माझ्याकडं काय राहिलंय?"

"मला तुमची शिष्य व्हायचंय."

"आणि?"

ती अडखळली. "आणि... तुम्ही हो म्हणालात तर गाव मला नदीकाठची जागा देईल."

"हां. आता सरळ बोललीस."

मग ती बोलतच सुटली. पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी, बिनकाट्याचा गळ, मासा धरायचा आणि जिवंत सोडायचा. पाहुणे येतील, गावाला काम मिळेल, सुरुंग लावून मासे मारणारे आपोआप थांबतील. आठ दिवसांत बारा पाहुण्यांची पहिली तुकडी येणार होती. तिचे डोळे चमकत होते.

"एकही मासा मरणार नाही, आबा."

सुई थांबली.

"एकही?"

"एकही नाही."

"उद्या सकाळी दाखव," आबा म्हणाला आणि दोरा दाताने तोडला.

मार्चचा पहिला आठवडा. काठाच्या दगडांवर अजून बर्फाची किनार होती. पाणी असं गार की बोट बुडवलं तर हाडापर्यंत कळ जावी.

आबा एका खडकावर उकिडवा बसला.

"कुठं उभी राहणार?"

"जिथून गळाचा दोर नीट पडेल तिथे."

तिने नदी निरखली. दगडांवर शेवाळ होतं, पाय घसरला असता. मधोमध, गुडघाभर पाण्यात, फिकट रंगाच्या खडीचा एक सपाट तुकडा होता. कुणी झाडून ठेवावा तसा स्वच्छ. उंच बूट घालून ती तिथे जाऊन उभी राहिली. पाय घट्ट रोवले.

आणि खरंच, तिचा हात बघण्यासारखा होता. दोर हवेत वळसा घेई आणि माशी पाण्यावर टेकली तरी तरंग उठत नसे. मासा लागला की ती आधी हात ओले करी, पाण्यातच गळ सोडवी, त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून शेपूट हलेपर्यंत थांबे, आणि मग सोडून देई. फोटोसुद्धा काढला नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती बाहेर आली. ओठ निळे पडले होते, तरी ती हसत होती.

"अकरा, आबा! अकराच्या अकरा जिवंत गेले."

"हात चांगला हाय," आबा म्हणाला.

मनापासून म्हणाला. चार वर्षांत कुणाच्या शाबासकीने तिला इतकं भरून आलं नव्हतं.

मग आबा उठला. पिशवीतून इनॅमलची पांढरी ताटली काढली, विजार गुडघ्यांवर दुमडली, आणि मोठ्या दगडांवरून एकेक पाय टाकत ती उभी होती तिथवर गेला. खडीत तिच्या बुटांनी दोन खळगे पाडले होते. शेवटच्या दगडावरूनच तो वाकला आणि एका खळग्यातली ओंजळभर खडी ताटलीत घेतली.

परत येऊन त्याने ताटली तिच्या हातात दिली.

पाणी निवळलं. खड्यांमध्ये दोऱ्यासारखं काहीतरी होतं. नखाएवढ्या लांबीचं. एक नव्हे, पुष्कळ. प्रत्येकाला काळ्या ठिपक्यांएवढे दोन डोळे, आणि पोटाशी केशरी पिशवी. पिशव्या फुटल्या होत्या.

एक हलत होतं.

मग तेही थांबलं.

तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिच्या प्रबंधाचा तिसरा भाग याच विषयावर होता. मादी शेपटीने खडी झाडून साफ करते आणि थंडीत तिथे अंडी पुरते. पिल्लं वसंत सरेपर्यंत त्या खडीतच असतात. म्हणून स्वच्छ, फिकट खडीवर कधीही पाय ठेवू नये. शब्द तिचेच होते. छायाचित्रंही तिनेच काढली होती.

"आबा... तुम्ही बघत होतात?"

"व्हय."

"मी उतरले तेव्हापासून?"

"उतरलीस तवापासून."

"मग बोलला का नाहीत?"

आबाने ताटली तिच्या हातून घेतली. "हा त्यांचा वाफा हाय, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"मग मी काय नवीन सांगणार होतो?"

ती ताडकन त्याच्याकडे वळली. रडू आणि राग एकदमच आला. "एक हाक, आबा! एक हाक मारली असतीत तर मी बाजूला झाले असते. ही पिल्लं माझ्या पायांनी मेली, खरंय. पण तुमच्या डोळ्यांनीसुद्धा मेली!"

"व्हय," आबा म्हणाला. "माझ्याबी."

तो नाकारील, काहीतरी शहाणपणाचं बोलेल असं तिला वाटलं होतं. तो ताटली धूत राहिला.

"चौदा वर्षं हाका मारल्या," तो म्हणाला. "साहेब, बाजूला व्हा. मॅडम, तिथं नको. लोक पाय उचलायचे, हात जोडायचे आणि पुढच्या वाफ्यात ठेवायचे. ज्याला ही ताटली दाखवली, तो मात्र पुन्हा तसा उतरला न्हाई. एक माणूस शिकायला एक वाफा जातो. म्हणून मी शिष्य करत न्हाई."

"मग मला का शिकवलंत?"

"तू बारा जण आणणार होतीस."

"इथे असे वाफे किती आहेत?" तिने हळू विचारलं.

"काल तीन होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. काठी आणली नव्हती.

"पाहुण्यांना कळवलं," ती म्हणाली. "मे संपेपर्यंत कुणी यायचं नाही. पाच जणांनी येणंच रद्द केलं."

"गाव जागा देणार न्हाई मग. त्यांना आत्ता काम हवं होतं."

"नाही दिली तर नाही. आणि आबा... मी तुमची शिष्य होणार नाही."

आबाने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुमचं शिकवणं खरं आहे. जन्मभर विसरणार नाही. पण मी कुणाला असं शिकवणार नाही. मी इथे काठावर उभी राहणार. कुणीही उतरायच्या आधी हाक मारणार. त्याने पुढच्या वाफ्यात पाय ठेवला तर पुन्हा मारीन. मग पुन्हा."

"ऐकणार न्हाईत."

"माहीत आहे."

वरच्या वळणावर एक मोटार थांबली. दोन माणसं काठ्या घेऊन उतरली. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात कॅमेरा. त्यातल्या एकाने नदीकडे पाहून बोटाने जागा दाखवली... शेवाळ नसलेली, फिकट, स्वच्छ जागा.

हेमांगी दगडांवरून धावत सुटली.

"पोरी!" आबाने मागून हाक दिली.

ती थबकली.

"घसा सांभाळ."