गळक्या बांधाचे दान

अपरांतात, म्हणजे कोकणकिनाऱ्यावर, भद्रघोष नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नदीमुखावरच्या एका गावात जन्मला. त्याचे नाव सोमिल. बापामागे गावाच्या बांधावरचे काम त्याच्याकडे आले. ओहोटीला बांधातले लाकडी दार उघडायचे आणि नदीचे पाणी बाहेर सोडायचे. भरतीला ते बंद करायचे आणि समुद्र बाहेर ठेवायचा. त्या दाराला लोक उघाडी म्हणत.

बांधाच्या आत गावाचे सगळे काही होते. डोंगरावरच्या रानातून झिरपलेले पाणी खाली येऊन तळ्यात साठे, तळ्यामुळे विहिरी गोड राहत, आणि विहिरींच्या पलीकडे भाताची शेते होती. बाहेर खाडी होती. हा बांध पूर्वी एकदा फुटला होता. त्या वर्षी गुरे दावणीलाच बुडाली, विहिरी खारट झाल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून लहान मुले गेली. म्हातारी माणसे ती गोष्ट सांगत नसत. उधाणाच्या दिवशी ती गप्प होत आणि घासातला भात तसाच ठेवून उठत, एवढेच.

फुटीनंतर गावाचा मुखिया, ग्रामभोजक यक्षदत्त, याने राजाकडून एक आज्ञा आणली. बांधाचे तुकडे पाडून ते घराघराला वाटून दिले गेले. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दगड रोवला गेला. ज्याचा तुकडा गळेल, त्या घराने सूर्यास्तापूर्वी गाव सोडायचे आणि त्याला कुणी पाणीही विचारायचे नाही, असे ठरले. पहिल्याच पावसाळ्यात एका कुंभाराच्या तुकड्यातून पाणी पाझरले. तसे त्याने आपण होऊन येऊन सांगितले होते. तो बायकोमुलांना घेऊन खाडीच्या काठाने गेला. पुढे त्याची एक टोपली तिवरांच्या झाडांच्या मुळांत अडकलेली सापडली. माणसे सापडली नाहीत.

त्यानंतर बांध गळला नाही. म्हणजे, गळतो असे कुणी सांगितले नाही. राजा प्रसन्न झाला. धाक घातला की माणसे नीट वागतात, असे राजांना नेहमीच वाटत आले आहे.

भाद्रपदातली अमावास्या आली. डोंगरात पाऊस लागून राहिला होता, नदी फुगली होती, वारा समुद्राकडून वाहत होता आणि भर दुपारी उधाण यायचे होते. सकाळी सोमिलाने उघाडीच्या आतल्या चरातले पाणी ओंजळीत घेऊन चाखले. ते गोड असायला हवे होते. ते खारट लागले. त्याने थुंकून पुन्हा चाखले. मग तो काठी घेऊन बांधाच्या पायथ्याने चालू लागला.

वासुला नावाच्या विधवेच्या तुकड्यापाशी त्याला गवत फार हिरवे दिसले. त्याने काडी ओढली तर ती मुळाशिवाय हातात आली. चिखलात एकेक काडी खोचून कुणीतरी तिथे गवत उभे केले होते. त्याने काठी टेकवली, आणि ती मुठीपर्यंत आत गेली. खेकड्यांनी बांध आतून पोखरला होता. पलीकडून खाडीचा वास आला.

वासुला धावत आली. तिच्या घरात आंधळी सासू होती आणि रांगती मुलगी होती. ती त्याच्या पायांशी बसली.

"दादा, तुम्ही काही पाहिलं नाही. आजचं उधाण जाऊ द्या, मी एकटी भरून काढीन."

"आजचं उधाण या बांधावरून जाणार नाही, वासुले. ते आतून येईल."

बोधिसत्त्वाने विचार केला. गप्प राहावे तर गाव बुडते. तिचे नाव सांगावे तर तीन जीव कुंभाराच्या वाटेने जातात. खोटे बोलावे तर ते त्याच्या जिभेला येत नव्हते.  मग तो म्हणाला, "हा तुकडा मला दान दे."

तेवढ्यात शेजारच्या तुकड्याचा मालक, मीठ पिकवणारा पालित, तिथे आला. दान द्यायचे तर साक्षीदार लागतो, म्हणून सोमिलाने त्यालाच थांबवले. पालित हसू लागला. लोक बांधाच्या आतली जमीन मागतात आणि हा शहाणा बांधच मागतोय, असे तो म्हणाला. मग त्याची नजर सोमिलाच्या काठीकडे गेली आणि त्याचे हसू मावळले. वासुलेने रीतीप्रमाणे बांधावरचा चिखलाचा गोळा सोमिलाच्या हातावर ठेवला.  आता तो तुकडा खरोखरच सोमिलाचा झाला.

सोमिलाने उघाडीवरचा ढोल वाजवला. सारा गाव धावत आला. पण सोमिलाजवळ कुणी आले नाही. जो तो आपापल्या तुकड्यावर जाऊन उभा राहिला, पाय घट्ट रोवून. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसे उभी होती, आणि एकही जागचे हलत नव्हते. पाणी चढत होते. तिवरांचे शेंडे दिसेनासे झाले. आतल्या बाजूला सोमिलाच्या पायाखालची माती विरघळू लागली, तसा तो त्या बिळात पाठ टेकून बसला. गार पाणी त्याच्या कमरेवरून आत वाहू लागले. लोक ते पाहत होते आणि तरीही उभेच होते. तेव्हा त्याला कळले की ते सगळे कशावर उभे आहेत.

त्याने मोठ्याने सांगितले, "हा तुकडा माझा आहे आणि तो गळतोय. संध्याकाळी मी गाव सोडून जाईन. आत्ता मला पेंढा द्या."

 मग पालित म्हणाला, "माझाही गळतो."

"माझाही," पलीकडून एक म्हातारी म्हणाली. मग तिच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. आवाज बांधावरून लांब लांब जात राहिला आणि थांबेना.  आपण इतकी वर्षे कशाच्या आडोशाला झोपत होतो, हे ऐकणाऱ्यांना एकाच वेळी कळत होते. बांध असा उरलाच नव्हता.

पण आता लपवायचे काही नसल्यामुळे त्यांचे पाय सुटले. पालिताने आपल्या हद्दीचा दगड उपटला आणि सोमिलाच्या पाठीमागच्या बिळात कोंबला. मग सगळेच दगड उपटले गेले. छपरांचा पेंढा आला, घरांची दारे आली, होड्यांची शिडे आली. ढोल ऐकून डोंगरावरच्या पाड्यातली माणसेही झाडोऱ्याच्या मोळ्या घेऊन उतरली, कुणी न बोलावता. कोण कुणाच्या तुकड्यावर चिखल थापतोय हे कुणी पाहिले नाही. पाणी बांधाच्या माथ्याला लागले, तिथेच थांबले, आणि कितीतरी वेळाने बोटभर उतरले.

संध्याकाळी यक्षदत्त म्हणाला की आज्ञा राजाची आहे, ती त्याला मोडता येत नाही. सोमिलाने वाद घातला नाही. वासुला रडत सांगू लागली की तुकडा तिचा होता. "होता," तो म्हणाला, आणि वेशीबाहेर पडला. त्याच्यामागून पालित बाहेर पडला, मग ती म्हातारी, मग वासुला सासूचा हात धरून. हळूहळू सगळा गाव वेशीबाहेर जाऊन उभा राहिला. आत एकटा यक्षदत्त उरला.

"काका, आता विहिरी तुमच्याच," पालित म्हणाला. "तळंही तुमचं. रात्रीची भरतीही तुमची."

यक्षदत्त रिकाम्या गावाकडे पाहत राहिला. अंधारून येत होते. मग तोही वेस ओलांडून आला आणि कुणाकडे न पाहता म्हणाला की त्याच्या तुकड्यात दोन बिळे आहेत.

वाळीत टाकायला गावात कुणी उरले नव्हते. मग सगळे एकत्रच परतले, कारण रात्रीची भरती कुणासाठी थांबणार नव्हती. तेव्हापासून बांधाला तुकडे उरले नाहीत. ज्याला बीळ दिसे तो हाक मारी, आणि हाक मारणाऱ्याला आधी पाणी दिले जाई. उधाणाला डोंगरातली माणसे खाली येत, आणि झऱ्यांवरचे रान राखायला गावातली माणसे वर जात.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची वासुला आज भिक्षुणी उत्पलवर्णा आहे. पालित म्हणजे आपला आनंद. आपला दोष झाकून दुसऱ्याचा मोजणारा जो भिक्षू आज इथे बसला आहे, तो तेव्हा यक्षदत्त होता. बांधावर उभे राहिलेले लोक म्हणजे तुम्ही, आणि सोमिल मी होतो."

भ्यालेल्या माणसाला खरे बोलता यावे म्हणून आधी स्वतः दोषाचा धनी होणे, याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.