नऊ कोटी अंश

एकदा एका प्रयोगशाळेत सूर्यासारखी भट्टी पेटवण्याचा खटाटोप चालला होता. वायू असा तापवायचा, की त्याचे इलेक्ट्रॉन सुटे व्हावेत. आणि तो भिंतीला शिवू नये म्हणून चुंबकांनी त्याला अधांतरी धरायचा. आत तापमापी घालाल, तर तिची वाफसुद्धा परत मिळायची नाही! म्हणून बाहेरून कान द्यायचा. चुंबकीय रेषांभोवती गरगर फिरणारे इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरी सोडतात. खिडकीशी लावलेल्या कर्ण्याने त्या टिपायच्या आणि त्यांच्या जोरावरून आतले तापमान ताडायचे.

हे कान देण्याचे काम आचार्य वर्तकांचा शिष्य निशिकांत याच्याकडे होते. एके सकाळी त्याने वायू नेहमीपेक्षा विरळ ठेवला, आणि यंत्राने चक्क नऊ कोटी अंश दाखवले. निशिकांत खुर्चीतून उडालाच! त्याने पेढे मागवले, आईला फोन केला, आईने सगळ्या गल्लीला सांगितले. दुपारी चारला काम तपासायला बाहेरची समिती येणार होती. तिच्यापुढे हा आकडा ठेवला, की चार वर्षे रखडलेला त्याचा प्रबंध एकदाचा मार्गी लागणार होता.

"सर, तेवढी सही," त्याने अहवाल पुढे केला.

आचार्यांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, आणि कपाटातून आवाज मोजायचे यंत्र काढून त्याच्या हातात दिले. "खाली हास्यक्लब भरलाय. दाराबाहेर उभा राहा, आत डोकावू नकोस, आणि आपली माणसं किती आनंदात आहेत ते मोजून ये."

निशिकांत मनातल्या मनात चरफडला. म्हातारा सटकला की काय! पण गुरूपुढे बोलायची सोय नव्हती. तो गेला. बंद दारामागून असा गडगडाट येत होता, की यंत्राचा काटा टोकाला जाऊन टेकला.

"सर, नुसता आनंदीआनंद आहे! पन्नासेक जण तरी पोट धरधरून हसताहेत."

"चल, बघू या," म्हणत आचार्य त्याच्याबरोबर खाली गेले आणि त्यांनी दार ढकलले.

आत पाच माणसे होती. चौघे घड्याळाकडे बघत जांभया देत होते. पाचवे, भांडारप्रमुख ढेकणे, दोन्ही हात वर करून एकटेच सातमजली हसत होते. "या, या सर! आज उपस्थिती जरा कमी आहे," एवढे बोलून ते पुन्हा सुरू झाले.

दार ओढून घेत आचार्य म्हणाले, "ढेकण्यांचं हसू खोटं नाही, बाबा. पण त्यांच्या हसण्यावरून तू चौघांचा आनंद मोजलास. विरळ वायूत हेच होतं. मूठभर इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात आणि कर्ण्याला त्यांचाच आवाज येतो. वायू दाट असला, की तो आवाज बाकीच्यांत जिरतो, आणि बाहेर येतं ते सगळ्यांचं मिळून तापमान. तुझा कान तिखट आहे. खोली किती भरली आहे, एवढंच विचारायचं राहिलं."

"म्हणजे आकडा पडेल?" निशिकांतचा आवाजच पडला होता.

"पडेल. तीनला यंत्र पुन्हा चालणार आहे. वायू किती सोडायचा ते तू ठरव."

पेढे निम्मे संपले होते. गल्लीत नाव झाले होते. निशिकांतला रडू यायचेच बाकी होते. तरी तीन वाजता त्याने चौपट वायू सोडायला सांगितले. आकडा आला तीन कोटी दहा लाख.

चारला त्याने समितीपुढे दोन्ही आकडे मांडले.

"मग ते नऊ कोटी खोटे?" अध्यक्षांनी विचारले.

"खोटे नाहीत, साहेब. पण ते मूठभरांचे. वायू तीन कोटींवरच आहे."

अध्यक्षांनी जुनी फाईल उघडली. "आणि गेल्या वर्षी वर्तकांनी सहा कोटी कळवले होते, त्याचं काय?"

निशिकांतने सरांकडे पाहिले. तेवढ्यात आचार्य उठून उभे राहिले.

"तेव्हाही वायू विरळच होता. चूक मला सहा महिन्यांपूर्वी कळली. सांगायचा धीर होत नव्हता, तो आज या मुलामुळे झाला. ते सहा कोटी खोडून टाका."

सरांनी अहवालातली चूक एका नजरेत कशी ओळखली, हे निशिकांतला आता कळले. त्याने सरांची खुर्ची पुढे ओढून दिली.