गलबताची उजवी बाजू

"मेस्त्री, यात एक तरी चूक काढून दाखवाल?"

निहारा तारीने लॅपटॉप म्हाताऱ्याच्या पुढ्यात सरकवला. विश्राम मेस्त्रींचा सगळा जन्म लाकडी होड्या बांधण्यात गेलेला. होडीचं एकेक अंग ती त्यांच्याच हाताखाली ओळखायला शिकली होती.

पडद्यावर एक गलबत सावकाश फिरत होतं. शेकडो वर्षांपूर्वी बुडालेलं. दोन हिवाळे निहारा त्याच्यासाठी पाण्यात उतरली होती. गढूळ पाण्यात, हातभर अंतरावरून, तिने त्याचे आठ हजार फोटो काढले होते. संगणकाने ते एकमेकांना जोडून अख्खं गलबत उभं केलं होतं. इतकं स्पष्ट, की फळी न् फळी मोजून घ्यावी.

उद्या पडद्यावरचं हे गलबत संग्रहालयात लागणार होतं. खाली तिचं नाव.

मेस्त्री पडद्याजवळ झुकले.

"डावी बाजू तू टिपलीस. उजवी कुणी?"

निहारा जराशी अडखळली. "उजवी वाळूत रुतलीय. म्हणून डावीच आरशासारखी उलटी करून लावली. सगळे तसंच करतात."

मेस्त्री उठले. शेजारीच मांडवात एक होडी बांधून होत आली होती. निहाराला तिच्यापाशी नेलं.

"डोळे मीट. दोन्ही अंगांवरून हात फिरव."

तिने फिरवला. एक अंग भरदार, दुसरं किंचित उतरतं. तिने पुन्हा फिरवला...

"दोन्ही सारखी नाहीत!"

"दोन्ही माझ्याच हातची."

"मग यातली चुकलीय कुठली?"

"कुठलीच नाही. लाकूड जसं मिळालं, तसा बाक आला."

निहाराचा चेहरा उतरला. आठ हजार फोटोंत जे नव्हतं, तेच तिने छातीठोकपणे उभं केलं होतं.

ती खाली बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि उजवी बाजू पुसून टाकली.

पडद्यावर उरलं अर्धं गलबत. फाटक्या कडेचं, उघडंवाघडं. पण त्यातली एकूण एक फळी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती.

"उद्या लोक विचारतील, दुसरी बाजू कुठाय... काय सांगू त्यांना?"

"सांग, मी पाहिली नाही," मेस्त्री म्हणाले. "आणि सांगताना मान ताठ ठेव."