पोलादाला करमायचं नाही

विजेच्या रिक्षा पहिल्यांदाच म्हाताऱ्या होऊन भंगारात येऊ लागल्या, तेव्हाची गोष्ट. एका मोटरीतलं चुंबक पोलादाला घट्ट चिकटून बसलं होतं.

"सोड बाबा त्याला," भंगारवाल्याच्या भट्टीजवळची सांडशी म्हणाली. "नाहीतर पोलादाबरोबर वितळून कायमचं हरवशील. भट्टीत जरा तापून घे, पकड सुटेल. मग दळून तुझं नवं चुंबक होईल."

"मला कसली भीती, सांडशीताई?" चुंबक थरथरत म्हणालं. "पण माझ्यावाचून पोलादाला करमायचं नाही."

शेवटी सांडशीने दोघांनाही भट्टीत धरलं. चुंबकाची ओढ विरली आणि ते अलगद सुटलं. पोलादाने मोठा श्वास घेतला.

"काय झालं रे?" चुंबकाने विचारलं.

"अंग मोकळं झालं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

चुंबक स्वतःलाच पोटभर हसलं आणि निमूटपणे दळून घ्यायला गेलं.