निळीचा घास

फार पूर्वी, जेव्हा अंधाराला माणसं आजच्यापेक्षा जास्त मान देत, तेव्हा एका नदीकाठी केळीच्या बागांचं एक गाव होतं.

लेकरांनो, केळीचा घड एकदा कापला की तो खुंट संपला. त्याला पुन्हा घड धरत नाही, आणि अंगात सगळं पाणीच, म्हणून तो चुलीतही जळत नाही. गावकरी असे सगळे खुंट गावाबाहेरच्या दलदलीत टाकत. त्या दलदलीवर दिवेलागणीला एक निळी ज्योत फिरायची. तिच्याखाली ना वात, ना लाकूड. लोक तिला निळी म्हणत, पण दिवस मावळल्यावर ते नाव कुणी ओठावर आणत नसे.

"तिला घास द्या, नाहीतर ती गावात शिरेल," जाणते सांगत. मग खुंट आणखी पडत. निळी आणखी मोठी होई. लोक आणखी घाबरत आणि आणखी खुंट टाकत. शहाणी माणसं होती हो, पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही.

सरपणासाठी मात्र त्यांनी डोंगर बोडका केला होता. गेल्या हिवाळ्यात एका घरातलं तान्हं शेकावाचून गारठून गेलं. त्याच घरात या हिवाळ्यात दुसरं बाळ जन्मलं, आणि बाळंतिणीच्या शेगडीत घालायला काडी नव्हती.

भर तिन्हीसांजेला बाळाची आजी मडकं घेऊन उठली. "मी निळीकडून विस्तव आणते."

"अगं, परत यायची नाहीस!" शेजारीण ओरडली.

"न आले तर न आले. पोर गारठतंय ना!"

दलदल झोपेत कुणी घोरावं तशी बुडबुडत होती. निळी सरकत सरकत आजीच्या पायांशी आली. आजी जागची हलली नाही.

"काय हवं?" निळीने विचारलं. आवाज चिखलाखालून आला.

"ऊब हवी. बदल्यात मला घेऊन जा."

निळी हसली. "तुला नेऊन काय करू? मी तुमच्या खुंटांवर वाढले. तुम्हीच जेवू घालता आणि तुम्हीच भिता. काम कुणी सांगत नाही, म्हणून भटकते. मला छप्पर दे, आणि त्याला एकच दार ठेव."

आजीने मडक्याच्या बुडाला भोक पाडलं आणि ते बुडबुड्यांवर पालथं दाबलं. निळी भोकाच्या तोंडावर येऊन बसली, आणि तिथून हललीच नाही.

मग आजी घरी धावली, आणि तिने व तिच्या मुलाने, म्हणजे बाळाच्या बापाने, बाळंतिणीची बाज उचलून दलदलीच्या काठावर आणली. दुसरं कुणी हात लावायला धजेना. रात्रभर त्या निळ्या उजेडात आजी बाळाचं अंग शेकत राहिली. पहाटे बाळाने असा टाहो फोडला, की सारं गाव काठावर धावत आलं.

पुढे घराघरामागे खुंटांचे खड्डे झाले, खड्ड्यांवर भोकाचे पालथे रांजण आले, आणि त्या भोकांवरच चुली मांडल्या गेल्या. डोंगर पुन्हा हिरवा झाला. दलदलीवर आता नुसता अंधार असतो. चुलीत निळी पेटली, की म्हातारी माणसं अजून आधी हात जोडतात आणि मगच तवा ठेवतात.

तात्पर्य : टाकून दिलेल्याला भिऊन घास घातला तर ते भूत होतं, त्यालाच काम दिलं तर ते घर राखतं.