बारा पंचम्या

"एका दिवसात दोन दिवसांचं काम कसं उरकायचं, बाबा? काही मंत्र असंल तर द्या."

हैबती सुतारानं हातातला रंधा खाली न ठेवताच विचारलं.

लालशा फकीर अंगणातल्या बाभळीच्या ओंडक्यावर बसला होता. पाण्याचा तांब्या अजून तोंडाला लागला नव्हता.

"तुला कशाला मंत्र? लाकडाला लाकूड जोडतोस, तसा जोड की दिवसाला दिवस."

"चेष्टा नको, बाबा. पंचमी चार दिसांवर आली. अकरा गाड्या दारात हायेत, बघा तरी!"

होत्याच अकरा. नागपंचमी जवळ आली की गावोगावचे भाऊ मुराळी होऊन निघायचे, सासरी नांदणाऱ्या बहिणींना माहेरी आणायला. अन् निघायच्या आधी जो तो गाडी घेऊन हैबतीच्या दारी. कुणाच्या चाकाची लोखंडी धाव निखळलेली, कुणाचा आरा मोडलेला. हैबतीच्या हाताला यश होतं, अन् ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"पाच गावांत एक बहीण दाखवा," तो म्हणाला, "जी माझ्यापायी सासरी खोळंबून राहिली!"

"गाड्या कुणाकुणाच्या?"

हैबतीनं एकेकीवर थाप मारली. "ही पाटलाची. त्यांची शेवंता निमगावला दिलीय. ही तेल्याची, त्याच्या दोघी एकाच घरात. ही कोष्ट्याच्या बाळाची, त्याची बहीण लई लांब, घाट उतरून जावं लागतं..."

साऱ्या बहिणी अन् साऱ्यांची सासरं त्याला तोंडपाठ होती.

"अन् तुझी?"

रंधा थांबला.

"माझी... ठकू. डोंगरवाडीला असती."

"तिची गाडी यात दिसत नाही."

"करणार हाय की! तिला शिसवी दमणी करायचीय. वर छप्पर, बैलांना पितळी घुंगरं. लाकूड आणून ठेवलंय, बाबा. दर साली हात घालायला जातो, अन् दर साली ह्या गाड्या आडव्या येतात. यंदा पंचमी पार पडली की पयलं काम तेच."

"वा! वऱ्हाड गेल्यावर मांडव घालणारा तूच."

हैबती हसला नाही.

"किती सालं झाली?"

त्यानं उगाच रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. आईबाप पटकीच्या साथीत गेले, त्याच साली चुलत्यानं नऊ वर्षांच्या ठकूला उजवून टाकलं होतं. हैबतीला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. वेशीपर्यंत गाडीमागं पळाला होता. पंचमीला न्यायला येतो गं, म्हणून ओरडला होता.

"बारा," तो म्हणाला.

"पायी किती लांब?"

"पाच कोस."

"मग?"

"पायी? गाड्या करणाऱ्याची बहीण पायी माहेरी यायची? लोक तोंडात शेण घालतील! अन् रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात कसा उभा राहू?"

फकीर पाणी प्याला. सावकाश प्याला.

"मागल्या पंचमीला मी डोंगरवाडीत होतो. वेशीत गाड्या लागायच्या, एकेक पोर चढून जायची. एक बाई मात्र दर गाडीपाशी यायची. चाकाच्या मधल्या तुंब्यावर हात फिरवायची, अन् मागं सरायची. मी विचारलं, बेटी, काय बघतेस? म्हणाली, बाबा, ही चाकं माझ्या दादानं केलीत. त्याच्या हातचं चाक कुरकुरत न्हाई."

हैबतीची मान खाली गेली.

"...आणि काय म्हणाली?"

"म्हणाली, दादा कामात असंल."

मग पाटलाच्या गड्यानं कुंपणापलीकडून हाळी दिली, "मिस्त्री, झालं का आमचं?"

"आलंच!" हैबती म्हणाला. मग फकिराकडं वळून, हलक्या आवाजात, "दोनच आरे राहिलेत, बाबा. तेवढे बसवतो, मालकांना गाडी घेऊन जाऊ द्या, मग..."

लालशानं तांब्या पालथा घातला. झोळी खांद्यावर टाकली अन् डोंगरवाडीच्या वाटेला लागला.

"बाबा! कुठं?"

"ठकूला आणायला."

"तुम्ही?"

"मला ना बहीण, ना गाडी. हात तर जन्मापासून रिकामे. मला कोण अडवतंय?"

हैबती तसाच उभा. फकीर ओढा उतरला, पलीकडं चढला, लहान लहान होत गेला...

रंधा हातातून कधी पडला, हे त्यालाही कळलं नाही. अनवाणीच सुटला. मागून पाटलाचा गडी बोंबलत होता, "अहो मिस्त्री! चाक उघडं टाकून निघालात कुठं?"

ओढ्यापलीकडं त्यानं फकिराला गाठलं, अन् पाच कोस दोघं चालत राहिले.

उन्हं कलली होती. डोंगरवाडीच्या आडावरून एक बाई भरली घागर घेऊन येत होती. वय एकविसाचं, पण चेहऱ्यावर तिशी उलटून गेलेली. चालणं थेट आईचं. हैबती मागंच थांबला.

बाईनं फकिराला ओळखलं. घागर खाली ठेवली, वाकून पाया पडली. मग तिची नजर मागच्या माणसाकडं गेली. मिशाळ, धुळीनं माखलेला, पायाला रक्त आलेला. तिनं पदर पुढं ओढून घेतला.

"बाबा, हे पाव्हणं कोण? कुणाला न्यायला आलेत?"

हैबतीचे ओठ हलले. शब्द फुटेना. त्यानं फकिराकडं पाहिलं, तुम्हीच सांगा, अशा नजरेनं.

लालशानं मान दुसरीकडं वळवली.

ती घागर उचलायला वाकली, तसा लालशा म्हणाला,

"बोल की, सुतारा. का हेही उद्या?"