नववी ब मधला बेसूर

भोरेबाई फळ्याकडे वळल्या की नववी ब तोंड मिटून गुणगुणायची. ओठच हलत नाहीत, मग पकडणार कोणाला? शेवटी मुख्याध्यापक वर्गात येऊन गरजले, "म्होरक्या सापडला नाही, तर सहल रद्द!" तरी सगळे पुस्तकात डोकं खुपसून बसले.

बाई हसून म्हणाल्या, "सर, गुणगुणतात मात्र छान हो! सगळे अगदी सुरात. सुरुवात करणारा तेवढा पार बेसूर."

मागच्या बाकावरून शार्दूल ताडकन उठला. "काहीही काय, बाई! गाण्याच्या तीन परीक्षा दिल्यात मी!"

वर्ग खो खो हसला. मुख्याध्यापकांचा मात्र चेहरा पडला. शार्दूल संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. त्याला शिक्षा कोण करणार?

"शिक्षा कशाला?" बाई म्हणाल्या. "उद्यापासून रोज सगळ्या शाळेसमोर प्रार्थना हाच म्हणेल. तोंड उघडून."